माटुंग्याचा गॅस, हॉलंडची साखर आणि कानपूरचं चामडं

आजचा भाग घाण पाण्याबद्दल आहे. जेवता जेवता ऐकत किंवा वाचत असाल, तर आधी ताट संपवा, मग या.

सुरुवात मुंबईतून करू. वडाळ्याला ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. 1890 साली ते सुरू झालं तेव्हा तो भाग माटुंगा म्हणूनच ओळखला जायचा. ज्यांचं नाव त्याला आहे ते हॅरी ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. आणि हो, हे तेच ॲक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले. त्या पुस्तकावर एक अख्खा भाग करण्यासारखा आहे, पण आज नाही. आज आपल्याला त्या आश्रमाच्या संडासांकडे जायचंय.

1897 मध्ये इथल्या मैलापाण्याच्या बंद टाक्यांना गॅस गोळा करायची सोय केली गेली, आणि त्या गॅसवर इंजिन चालवलं गेलं. म्हणजे ज्यांना शहराने वाळीत टाकलं होतं त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच सांडपाण्यावर इंजिन धडधडत होतं. आज आपण ज्याला 'वेस्ट टू एनर्जी' वगैरे म्हणतो, ते हेच.

इंटरनेटवर शोधलंत तर बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट 1859 सालची म्हणून सांगितलेली दिसेल. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी केलं. पण माटुंग्याचा आश्रमच मुळात 1890 चा, त्यामुळे निदान या जागेला तरी ते साल लागू पडत नाही.

आता या टाकीत नेमकं होतं काय? तुमच्या गावाकडे कुणाचा गोबर गॅस असेल तर अर्धं उत्तर तुम्हाला माहीत आहे. सांडपाण्यातली बरीचशी घाण म्हणजे सूक्ष्मजीवांचं जेवण. हे जेवण संपवायच्या दोन तऱ्हा. एका जातीचे जीवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन ते खातात. दुसऱ्या जातीचे हवेशिवाय खातात आणि शेवटी मिथेन सोडतात, म्हणजे जळणारा गॅस. नदीत घाण सोडली की पहिल्या जातीचे जीवाणू तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, आणि मासे गुदमरून मरतात. कारखान्याखाली नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आपण वाचतो ना, त्यात बऱ्याचदा माशांना विष झालेलं नसतं. त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

माटुंग्याची कल्पना एकाच ठिकाणी उगवली असं नाही. फ्रान्समध्ये लुई मुरास याने 1881 मध्ये अशा बंद टाकीचं पेटंट घेतलं होतं. इंग्लंडच्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन या सर्व्हेयरने 1895 च्या सुमारास 'सेप्टिक टँक' बांधली, तिच्यातल्या गॅसवर केंद्रातले दिवेही लावले, आणि पेटंट घेतलं. मग कॅमेरॉनच्या कंपनीने अमेरिकेतल्या गावांवर खटले लावायला सुरुवात केली, की आमची टाकी वापरता, तर पैसे द्या. नॉक्सव्हिल शहराविरुद्धचा खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि 1913 मध्ये निकाल लागला की इंग्लंडमधलं पेटंट संपलं तेव्हाच अमेरिकेतलंही संपलं. तोपर्यंत दीड दशक गेलं होतं.

पेटंटचा हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिनहवेची टाकी मात्र मागे पडली. ती संथ होती, वास यायचा, आणि बाहेर पडणारं पाणी काही स्वच्छ नसायचं. 3 एप्रिल 1914 ला मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी एक निबंध वाचला आणि गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. त्यांनी सांडपाण्यात हवा फुंकली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी काढलं, पण तो गाळ फेकला नाही. त्याच गाळात नवं पाणी घातलं. पुन्हा हवा, पुन्हा तेच. दह्याला विरजण ठेवतात तसं. गाळात जीवाणू वाढत गेले आणि ज्या कामाला आधी आठवडे लागत होते ते काही तासांत व्हायला लागलं. याला ॲक्टिव्हेटेड स्लज म्हणतात. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांचं पाणी याच पद्धतीने किंवा तिच्या नातवंडांनी साफ होतं. या दोघांमागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर पुढे 1916 मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार उशिरा आली अशी तक्रार करायला जागा नाही.

पेटंट याचंही झालंच. इंग्लंडमध्ये ते जोन्स अँड ॲटवूड या कंपनीकडे गेलं, आणि अमेरिकेत ॲक्टिव्हेटेड स्लज इन्कॉर्पोरेटेड नावाची कंपनी शहरांच्या मागे लागली. मिलवॉकी शहराचा खटला तर वाचण्यासारखा आहे. शहराने पेटंट मोडलं, असं कोर्टाने मान्य केलं. मग खालच्या कोर्टाने हुकूम दिला की केंद्र वापरायचं थांबवा. 1934 मध्ये वरच्या कोर्टाने विचार केला: केंद्र बंद झालं तर लाखो लोकांचा मैला जाणार कुठे? सरळ लेक मिशिगनमध्ये. तेव्हा नुकसानभरपाई घ्या, पण केंद्र बंद करता येणार नाही. वकिलीच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात.

पण पेटंटपेक्षा मोठी अडचण होती विजेच्या बिलाची. पाण्यात दिवसरात्र हवा फुंकायची म्हणजे ब्लोअर चालू ठेवायचे. अशा केंद्रात लागणाऱ्या विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त फक्त हवेवर जाते. शिवाय हवेत जगणारे जीवाणू खातात आणि भराभर वाढतात. जेवढी घाण खाल्ली त्यातली जवळपास निम्मी नव्या गाळाच्या रूपात परत तुमच्यापुढे उभी राहते. तो गाळ सुकवा, उचला, कुठेतरी टाका. मोठ्या शहराला हे झेपतं. आंबट, दाट, सांडपाण्याच्या शंभरपट घाण पाणी सोडणाऱ्या छोट्या कारखान्याला ते झेपत नाही. मग तो काय करतो? तपासणीला साहेब आले की ब्लोअर चालू, साहेब गेले की बंद. आपल्याकडच्या कुठल्याही एमआयडीसीत हा विनोद तुम्हाला ऐकायला मिळेल, आणि सांगणारा फारसा हसणार नाही.

आता हॉलंडला जाऊ, कारण माटुंग्याची टाकी तिथे परत येते.

1970 मध्ये नेदरलँड्समध्ये पाणी प्रदूषणाचा एक कायदा लागू झाला. त्यात दंड वगैरे होतेच, पण खरी गंमत आकारणीत होती. एक माणूस रोज साधारण जेवढी घाण पाण्यात सोडतो ते एक एकक धरलं, आणि तुमच्या कारखान्याची घाण किती माणसांएवढी आहे ते मोजून त्याप्रमाणे बिल पाठवलं. बीटची साखर करणारा एक कारखाना हंगामात एखाद्या मोठ्या शहराएवढी घाण सोडतो. बिल बघितल्यावर मालकाची झोप उडणारच. त्यात 1973 चं तेलाचं संकट आलं, ऊर्जा महागली. हवा फुंकून पाणी साफ करणं परवडेना.

वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात खात्झे लेटिंगा नावाचे एक संशोधक बिनहवेच्या जीवाणूंवर काम करत होते. 1969 मध्ये अमेरिकेत यंग आणि मॅकार्टी यांनी दगडगोट्यांनी भरलेल्या टाकीत हे जीवाणू टिकवून दाखवले होते. लेटिंगांना वाटलं, दगड कशाला? सीएसएम या साखर कंपनीबरोबर त्यांनी प्रयोग केले. पाणी टाकीत वरून सोडायच्या ऐवजी तळातून सोडायचं, आणि संथपणे, तासाला मीटरभर किंवा त्याहून कमी वेगाने वर चढू द्यायचं. तळाशी जीवाणूंचा जाड थर. पाणी त्यातून वर जाता जाता घाण खाल्ली जाते, गॅसचे बुडबुडे सुटतात, तेच टाकी ढवळतात. वर पालथ्या पन्हळी बसवलेल्या, गॅस त्यात अडकतो आणि पाइपने बाहेर जातो. गाळाचे कण पन्हळीवर आपटून परत खाली. पंखा नाही, ब्लोअर नाही, आत हलणारा एकही भाग नाही.

मग एक अशी गोष्ट घडली जी कुणी ठरवून केली नव्हती. वर चढणाऱ्या पाण्यात हलके जीवाणू वाहून जात होते आणि एकमेकांना चिकटलेले टिकून राहत होते. होता होता गाळाचे गोल, घट्ट दाणे तयार झाले. काळे, मोहरीएवढे. दाणा जड, म्हणून तो टाकीतच राहतो. पाणी काही तासांत निघून जातं, जीवाणू महिनोन्‌महिने मुक्काम करतात. आपल्या गोबर गॅसमध्ये शेण महिना-दीड महिना पडून राहतं, आणि इथे तेच काम तासांवर आलं. या टाकीचं नाव यूएएसबी, म्हणजे अपफ्लो ॲनएरोबिक स्लज ब्लँकेट. नाव कितीही अवघड असलं तरी गोष्ट एवढीच आहे, खालून वर पाणी आणि मधे गाळाची गोधडी.

आणि लेटिंगांनी याचं पेटंट घेतलं नाही.

कॅमेरॉन आणि मिलवॉकीची गोष्ट ऐकल्यावर याचं वजन कळतं. कुणीही बांधा, कुठेही बांधा, खटला येणार नाही. बिअर, बटाटा, कागद, साखर, सगळीकडे या टाक्या झाल्या. लेटिंगांना 2007 मध्ये टायलर प्राइझ आणि 2009 मध्ये सिंगापूरचं ली क्वान यू वॉटर प्राइझ मिळालं, आणि पेटंट न घेण्याची आठवण तिथेही काढली गेली.

आपल्याकडे याचा सगळ्यात सरळ उपयोग कुठे झाला असेल, तर मळीपासून दारू काढणाऱ्या डिस्टिलरीत. तिथे यूएएसबीच असते असं नाही, पण तत्त्व तेच, बिनहवेची टाकी. सांगली, कोल्हापूर, नगरकडच्या ऐकणाऱ्यांना तो तपकिरी, उकळता स्पेंटवॉश आणि त्याचा वास वेगळा सांगायला नको. एक लिटर अल्कोहोलमागे दहा ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, आणि त्याच्या एका लिटरमध्ये ऑक्सिजन खाणारी घाण शंभर ग्रॅमच्या आसपास. पण हिशेब करून बघा, त्याच एका लिटरमधून वीसेक लिटर मिथेन मिळू शकतो. तो बॉयलरमध्ये जातो, इंधन वाचतं. म्हणून टाकी नीट चालवण्यात मालकाचाच फायदा. गॅस काढल्यावरही त्या पाण्याचा रंग जात नाही, बरीच घाण उरते, तिचं प्रेसमडबरोबर खत कर वगैरे उपद्व्याप करावे लागतात. तरी पहिला मोठा घास टाकीने घेतलेला असतो, आणि तेही वीज न खाता.

थंड देशात घरगुती सांडपाण्याला ही टाकी चालत नाही, पाणी गार असतं आणि जीवाणू सुस्तावतात. उष्ण देशात मात्र चालावी. 1983 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात डच मदतीने 64 घनमीटरची चाचणी टाकी बसवली, ती चालली. आणि मग पुढचं नाव आलं कानपूर.

कानपूरचं चामडं लष्करामुळे वाढलं. 1857 नंतर इंग्रजांना घोड्यांचे खोगीर, लगाम, बूट लागत होते. 1860 च्या दशकात सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी निघाली, 1881 मध्ये कूपर ॲलन कंपनी. तेव्हा चामडं बाभळीच्या सालीत कमावलं जायचं, त्याला कित्येक आठवडे लागायचे. विसाव्या शतकात क्रोम आलं. क्रोमियमच्या मिठात कातडं दिवसभरात तयार होतं, मऊ आणि टिकाऊ. फक्त टाकलेल्या क्रोमपैकी साठ-सत्तर टक्केच कातडं पिऊन घेतं, बाकीचं हिरवट निळं पाणी गटारात. त्याआधी केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरलेलं असतं, तेही गटारात. गंगेच्या काठावरच्या जाजमऊ भागात अशा टॅनरी वाढत वाढत चारशेच्या घरात गेल्या.

1986 मध्ये गंगा ॲक्शन प्लॅन सुरू झाला. 1987 मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने जाजमऊच्या टॅनरींबद्दल निकाल दिला. ज्या कारखान्याला किमान वेतन देता येत नाही त्याला चालू राहायचा हक्क नाही, तसंच ज्या टॅनरीला निदान प्राथमिक शुद्धीकरण जमत नाही तिलाही नाही, असा त्याचा आशय. निकाल कडक होता. आणि पुढच्या शुद्धीकरणासाठी डच सरकार मदतीला तयार होतं, स्वस्त तंत्र हातात होतं, ऊन भरपूर होतं.

1989 मध्ये जाजमऊला 5 एमएलडीची, म्हणजे रोज पन्नास लाख लिटरची, यूएएसबी टाकी सुरू झाली. ती घरगुती सांडपाण्यावर चालली. तो विश्वास घेऊन 1994 मध्ये 36 एमएलडीचं मोठं केंद्र उभं राहिलं. त्यात टॅनरींचं पाणी 9 एमएलडी आणि घरांचं सांडपाणी 27 एमएलडी. एकास तीन. यामागचं गणित असं, की टॅनरीचं पाणी एकटं आलं तर जीवाणू मरतील, म्हणून ते पातळ करू.

कागदावर हे बरोबर होतं. पण क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. जीवाणू साखर खातील, चरबी खातील, रक्त खातील. क्रोमियम कोण खाणार? ते गाळात जाऊन बसतं. पाणी पातळ केलं म्हणून त्याचा एक कणही कमी होत नाही, उलट घरांचा जो गाळ शेतात खत म्हणून गेला असता तोही आता क्रोमने बाटला. एका टाकीभर त्रासाच्या चार टाक्या झाल्या.

दुसरं दुखणं गंधकाचं. टॅनरीच्या पाण्यात सल्फेट भरपूर. बिनहवेच्या टाकीत सल्फेटवर जगणारे जीवाणूही असतात, आणि ते मिथेनवाल्यांच्या ताटातलं ओढून खातात. त्यातून मिथेनऐवजी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो काँक्रीट खातो, लोखंड खातो, इंजिन खातो. ज्या गॅसवर केंद्राने स्वतःची वीज करायची होती तोच गॅस यंत्रांचा शत्रू झाला. आणि वीज गेली की टॅनरींकडून पाणी आणणारे पंप बंद. पंप बंद झाले म्हणून टॅनरी थांबत नाही, पाणी गंगेत.

केंद्रातून बाहेर पडणारं पाणी कालव्याने शेखपूर, वाजिदपूर अशा गावांच्या शेतीला जात होतं. पूर्वी इथे शहराचं सांडपाणी यायचं. ते घाण असलं तरी पिकाला खत होतं. नंतर आलेल्या पाण्याबरोबर क्रोम आलं. जमिनीत, भाजीत, हातपंपात त्याचे अंश अनेक संशोधकांनी मोजले आहेत.

माझ्या मते यात टाकीचा दोष कमी आहे. तीच टाकी हॉलंडमध्ये चालली, कारण तिथे घाणीच्या किलोमागे बिल येत होतं आणि टाकीत जाणारी घाण खाण्याजोगी होती. आपल्याकडे 1977 चा वॉटर सेस कायदा होता. त्यात आकारणी घाणीवर नव्हती, वापरलेल्या पाण्यावर होती, आणि तीही हजार लिटरला काही पैसे. रुपये नाही, पैसे. ज्याला घाण सोडणं जवळजवळ फुकट पडतं त्याला स्वस्तातलं स्वस्त तंत्रही महागच वाटणार. जीएसटी आल्यावर 2017 मध्ये तो सेसही गेला.

आणि मंडळी, क्रोमवर स्वस्त उपाय नव्हता असंही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने तो काढलेला होता, आणि त्याच डच प्रकल्पात कानपूरला तो दाखवलाही गेला. ढोलातून निघालेलं क्रोमचं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. ते वेगळ्या हौदात घ्यायचं, त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड टाकायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी क्रोम तळाशी बसलेलं असतं. वरचं पाणी काढून टाका, खालच्या गाळात सल्फ्युरिक ॲसिड घाला, की परत क्रोमचं द्रावण तयार. पुढच्या कातड्यांना तेच वापरा. विकत घ्यायच्या रसायनात बचतही होते.

मोठ्या टॅनरींनी हे बसवलं. लहान टॅनरीकडे वेगळ्या हौदाला जागा नव्हती, दुसरी पाइपलाइन टाकायला पैसे नव्हते, आणि चार जणांनी मिळून करायचं तर क्रोम कुणाचं किती, हा वाद. सगळं पाणी एकाच नाल्यात सोडणं सोपं होतं, आणि नाल्याच्या शेवटी सरकारचं केंद्र होतंच की.

आता नमामि गंगेमध्ये जाजमऊला फक्त टॅनरींसाठी 20 एमएलडीचं वेगळं केंद्र हाती घेतलं गेलं, घरांच्या सांडपाण्यापासून अलग, आणि त्यात क्रोम परत मिळवायचा सामाईक विभागही आहे. म्हणजे 1994 मध्ये जे एकत्र केलं होतं ते सोडवायचं काम. पाइप वेगळे टाकता येतात. शेखपूरच्या मातीत तीस वर्षं उतरलेलं क्रोम वेगळं कसं काढायचं, ते कुठल्याच टेंडरमध्ये बसत नाही.